शिदोरी बांधताना

भाऊबीज झाली की घरात दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे डब्याच्या तळाशी राहिलेला चिवडा, आणि दुसरी म्हणजे मुलांची शिल्लक सुटी. चिवड्याची वाट लावणे सोपे असते. सुटीचे काय करायचे हा प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने उभा राहतो. मग कुणीतरी गडाचे नाव काढते, कुणी धबधब्याचे, कुणी नुसतेच ‘कुठेतरी जाऊ या’ म्हणते, आणि बेत ठरतो. बेत ठरवणारे चार जण असतात; शिदोरी बांधणारी बहुतेक एकटीच असते! म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात या सदरात शिदोरीबद्दलच बोलायचे ठरवले आहे.

‘शिदोरी कसली बांधता? वाटेत हॉटेले असतात की!’ असे आमचा धाकटा नेहमी म्हणतो. हमरस्त्यावर त्याचे म्हणणे खरे आहे. पण हमरस्ता सोडून डोंगराकडे दोन कोस आत गेले की हॉटेल संपते आणि पोट मात्र संपत नाही. तिथे आपण जे बांधून नेले असेल तेच आपले. ते चांगले निघाले तर सहल चांगली होते. वाईट निघाले तर काय होते, ते मी एकदा अनुभवले आहे. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढचे सांगता यायचे नाही.

२००९ सालची दिवाळी होती. आमच्या धाकट्या वन्सं तेव्हा जव्हारच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होत्या. पालघर जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच मोडत. वन्संचा निरोप आला, ‘वहिनी, पाऊस संपला आहे, डोंगर अजून हिरवे आहेत, मुलांना घेऊन या. वांगणीला माझा लसीकरणाचा दिवस आहे, तिकडेच सगळी जाऊ.’

वांगणी म्हटल्यावर आमच्या घरी गोंधळ उडाला. मुंबईकरांना वांगणी ठाऊक आहे ती कर्जतच्या गाडीला बदलापूरनंतर लागणारी. ‘मग लोकलनेच जाऊ,’ असे हे म्हणालेसुद्धा! पण ही वांगणी वेगळी. ती जव्हारच्याही पुढे, डोंगरांच्या घड्यांत बसलेली. तिचे नाव शेजारच्या वावर गावाला जोडून ‘वावर-वांगणी’ असेच बहुधा घेतले जाते. का घेतले जाते ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

सहा वाजताची एस. टी. होती. पहाटे उठून स्वयंपाक कसा व्हायचा, म्हणून मी रात्रीच सगळे उरकायचे ठरवले. सासूबाई म्हणाल्या, ‘दशम्या कर, कोरडी चटणी कर, आणि गूळ घे. प्रवासाला बाकी काही लागत नाही.’ मी मनात हसले. दशम्या! मुले तोंडसुद्धा लावणार नाहीत! आणि वन्संकडे इतक्या वर्षांनी जायचे ते दशम्या घेऊन? मी रात्री अकरापर्यंत खपून पुऱ्या केल्या, कांदा आणि ओले खोबरे घातलेली बटाट्याची भाजी केली, खोबऱ्याची हिरवी चटणी वाटली, आणि मोठे पातेलेभर मसालेभात केला. भात वाफाळता होता तसाच डब्यात दाबून भरला, घट्ट झाकण लावले, आणि निवू नये म्हणून वर टॉवेल गुंडाळला. कोण अभिमान वाटला मला त्या टॉवेलाचा!

सकाळी गाडीत ती पिशवी उन्हाच्या बाजूला पायाशी ठेवली. जव्हारला उतरेपर्यंत साडेदहा झाले. धाकट्याला धीर निघेना, म्हणून स्टँडवरच त्याला चार घास मसालेभात दिला. त्याने मिटक्या मारीत खाल्ला. वास नव्हता, चवीत काही फरक नव्हता. पुढे जीपने वांगणीकडे निघालो. दोन्ही बाजूंना नागलीची खाचरे कापणीला आलेली होती आणि उतारावर खुरासणीची उरलीसुरली पिवळी फुले दिसत होती. मुले खिडकीतून हटत नव्हती.

दुपारी एक वाजता वन्संचे काम आटोपले. गावाच्या कडेला एका झाडाखाली आम्ही बसलो आणि मी डबे उघडले. चटणीला फेस आला होता. भाजीला तार सुटली होती. भाताचा वास आता सांगायला नकोच. चौदा तास तो त्या टॉवेलात उबेला बसला होता. मी एवढीशी झाले. हे काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत याचेच मला जास्त लागले. मी डबा उचलला, झुडपाआड गेले, आणि पाच माणसांचा भात मातीत ओतला.

वळून पाहते तो एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत उभी. डोक्यावर मोळी, हातात कोयता. तिने भाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता निघून गेली. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या हातात पळसाच्या पानावर चार नागलीच्या भाकरी होत्या, वर खुरासणीची चटणी आणि मिठाचे दोन खडे. पोरे उपाशी आहेत ना, अशा अर्थाचे ती काहीतरी म्हणाली. पैसे तिने घेतले नाहीत. माझ्या मुलांनी, ज्यांनी दशमीला तोंड लावले नसते त्यांनी, ती काळी भाकरी तुकडान् तुकडा खाल्ली.

दोन वाजता धाकट्याला उलट्या सुरू झाल्या.

परिचारिका घरातच होती म्हणून निभावले. वन्संनी एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घातले आणि चमच्या-चमच्याने त्याला पाजत राहिल्या. हा चमचा चहाचा, लहान, आणि माप चोख. मीठ जास्त पडले तर उपाय हाच अपाय होतो. संध्याकाळपर्यंत पोर हुशार झाले. रात्री जव्हारला वन्संच्या खोलीवर तो झोपल्यावर त्या म्हणाल्या, ‘वहिनी, आज त्याला काय झाले ते तुम्ही पाहिलेत. तुमचा मुलगा धष्टपुष्ट आहे, एका दिवसात उठेल. पण ज्या मुलाच्या अंगात मुळातच काही नाही, त्याला असा एक दिवस पुरतो.’

मग त्यांनी मला ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव कशामुळे झाले ते सांगितले. १९९२ साली या परिसरात लहान मुले एकापाठोपाठ एक दगावली. कारण कुपोषण. नुसत्या भुकेने मूल जाते असे क्वचितच होते. आधी अंग खंगते, मग जुलाब, गोवर, छातीचा आजार, जे काही येईल ते त्याला घेऊन जाते. पावसाळ्यात जुने धान्य संपलेले असते, नवे शेतात असते, नदीनाले भरून वाटा बंद होतात. ते दोन-तीन महिने फार वाईट. त्या वर्षी वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या तेव्हा सबंध महाराष्ट्राला या गावांची नावे कळली. पुढे योजना निघाल्या, डॉक्टर आले, अंगणवाड्या वाढल्या. तरी २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्याच. २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि बाळंत बायांना अंगणवाडीतून एक वेळचे गरम पूर्ण जेवण देण्याची अमृत आहार योजना निघाली, तीही या दुखण्यावरच. मूल वाचवायचे तर आधी आईच्या ताटात वाढले पाहिजे, हे सरकारलाही तोवर उमगले होते.

मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या गावात एके काळी मुलांच्या तोंडी घास नव्हता, त्याच गावाच्या कडेला मी पाच माणसांचा भात ओतून आले होते. आणि ज्या बाईने ते पाहिले तिने माझ्या मुलांना जेवू घातले होते. तिच्या घरात त्या साली काय झाले होते, ते मी वन्संना विचारले नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीसाठी जव्हारच्या स्टँडवर आलो तर तिथे हीऽ गर्दी. बायामाणसे, कडेवर पोरे, बोचकी, पातेली, पाटीत बांधलेल्या कोंबड्या. मला वाटले जत्रा असेल. वन्सं म्हणाल्या, ‘जत्रा कसली! दिवाळी झाली, भात निघाला, आता ही माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर चालली. परत येतील ती पावसाच्या तोंडावर.’ माझ्या शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिच्या मांडीवर फडक्याची पुरचुंडी होती. मी धीर करून विचारले, ‘वाटेत खायला काय घेतलेस?’ तिने फडके सोडून दाखवले. नागलीच्या भाकरींची चवड, कोरडी चटणी, मिरच्या, मीठ. दोन दिवस पुरेल, ती म्हणाली.

सासूबाईंच्या दशम्या आणि तिच्या भाकरी, दोन्ही शिदोऱ्या एकाच नियमाने बांधलेल्या होत्या. हॉटेल नसलेल्या वाटेने चाललेल्या माणसाला जे ठाऊक असते ते मला शहरात राहून ठाऊक राहिले नव्हते. घरी आल्यावर मी सासूबाईंजवळ बसले आणि शिदोरीचे शास्त्र पहिल्यापासून शिकले. काही त्यांनी सांगितले, काही वन्संनी, काही पुस्तकांतून कळले. ते आता तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, अन्न बिघडते कशाने? ओलाव्याने, उबेने आणि वेळेने. शिजलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सियस या उष्णतेत राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले ओले पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत असे आरोग्याचे जाणकार सांगतात. कडक उन्हाळ्यात तर एकच तास. माझा मसालेभात गरम राहण्याइतका गरम नव्हता आणि गार होण्याइतका गार नव्हता. मी टॉवेलात गुंडाळून त्याला नेमके त्या दोन्हींच्या मध्ये बसवले होते. भाताचे आणखी एक वैगुण्य आहे. तांदळात असणारे काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. भात उबेला राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि त्याला वास नसतो. वास आला की बिघडले हे खरे. पण वास नाही म्हणून चांगले, हे खरे नव्हे. माझ्या धाकट्याने तो धडा स्टँडवर गिरवला.

मग टिकते काय? ज्यातले पाणी घालवले आहे ते, आणि ज्यात मीठ, गूळ, आंबटपणा यांनी जंतूंची वाट अडवली आहे ते. पुरी तेलात पडली की तिच्यातले पाणी बुडबुड्यांनी बाहेर जाते. गूळपोळी टिकते कारण गूळ ओलावा धरून ठेवतो, जंतूंना मिळू देत नाही. लोणचे मीठ, आंबट आणि तेल यांच्या जोरावर वर्षभर राहते. आपल्या आज्यांनी ही पुस्तके वाचली नव्हती. पण शिदोरीत काय घालायचे आणि काय नाही, यात त्यांची चूक क्वचितच होई.

आता पदार्थांकडे वळू.

दशमी : कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चवीला मीठ आणि थोडे तूप. जाडसर लाटून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट भाजायची. कच्ची राहिली तर टिकत नाही. गोड हवी तर दुधात गूळ विरघळवून घ्यावा. थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

नागलीची भाकरी : पाणी उकळून त्यात मीठ घालावे, पीठ ओतून झाकावे, आणि कोमट झाल्यावर चांगले मळावे. अशी उकडीची भाकरी गार झाल्यावर तडकत नाही. नागली, म्हणजेच नाचणी. तिच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, वजनाला वजन धरले तर गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. डोंगर चढणाऱ्या मुलाच्या हाडांना यापेक्षा चांगले काय हवे? २०२३ साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा नाचणीला शहरात भाव आला. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर ती त्यापूर्वीही पिकतच होती.

थालीपीठ आणि मेथीचे ठेपले : दोन्ही चांगली, पण थालीपिठात चिरलेला कांदा घालू नये. घरी गरम खाताना तो हवाच. शिदोरीत मात्र त्याचा ओलावा घात करतो. त्याऐवजी तीळ, ओवा, तिखट घालावे.

कोरड्या चटण्या : तीळ, जवस, शेंगदाणे, लसूण, सुके खोबरे, यांपैकी काहीही. ओले खोबरे मात्र नको. माझी आवडती कारळ्याची. कारळे म्हणजेच तिकडची खुरासणी. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावी, सुक्या मिरच्या, लसूण आणि मीठ घालून कुटावी. बाटलीत भरली की महिनाभराची निश्चिंती.

दहीभात : भात नेऊ नये असे वर म्हटले, त्याला एवढा एकच अपवाद, आणि तोही पहाटे केलेला असेल तरच. ताजा मऊ भात परातीत पसरून लवकर निववावा, त्यात तापवून निववलेले दूध भरपूर घालावे आणि एक मोठा चमचा चांगले आंबट दही कालवावे. वाटेत दूध विरजत जाते आणि दुपारी दहीभात तयार होतो. आंबटपणा वाढत जातो म्हणून तो इतर भाताइतका लवकर दगा देत नाही. डबा स्टीलचा हवा. कल्हई गेलेल्या पितळेच्या डब्यात आंबट पदार्थ कधीही ठेवू नये. निघाल्यापासून सहा तासांत संपवता येणार नसेल तर हाही बेत सोडून द्यावा.

दिवाळीचा फराळ : कडक बुंदीचे किंवा बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चकल्या, चिवडा हे सगळे शिदोरीसाठीच जन्माला आल्यासारखे आहेत. ओल्या नारळाच्या करंज्या तेवढ्या घरीच संपवा.

याशिवाय अखखी काकडी, गाजरे, पेरू, केळी, संत्री न्यावी. चिरायचे ते तिथे गेल्यावर, म्हणजे सुरीही बरोबर हवी. अंडी उकडून नेणार असाल तर कवचासकट न्या आणि दुपारपर्यंत संपवा.

बांधण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. पोळी, पुरी, दशमी तव्यावरून काढल्यावर फडक्यावर एकेक पसरून पूर्ण निववावी, मगच चवड रचावी. गरम भरली की वाफेचे पाणी होऊन झाकणावरून परत तिच्यावरच पडते. मग वरची ओली आणि खालची बुरशीची. हात साबणाने धुवूनच अन्नाला लावावा. बोट कापलेले असेल, फोड असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला द्यावे. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नये. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसा इशारा दिला आहे. स्वच्छ जुने धुतलेले सुती फडके, किंवा विस्तवावर शेकून मऊ केलेले केळीचे पान, यांसारखे दुसरे नाही. सगळे एका डब्यात कोंबू नये. दोन-तीन लहान डबे करावे, म्हणजे एक बिघडले तरी बाकीचे वाचते. आणि पिशवी गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नये, हे मी तरी आता कशाला सांगू?

प्रमाण म्हणाल तर मोठ्या माणसाला तीन दशम्या किंवा चार ठेपले, मुलाला दोन, आणि वर घरटी चार जास्त. चालून भूक वाढते, शिवाय वाटेत कुणी भेटते. पाणी मात्र माणशी दोन-तीन लिटर घरूनच न्यावे. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण डोंगर ते पाणी धरून ठेवीत नाहीत. उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरच्या विहिरी कोरड्या पडतात आणि बायांना हंडे घेऊन दूरवर जावे लागते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. आपल्या नळाला जे पाणी येते त्यात या डोंगरांचा वाटा आहे. तिथे जाऊन त्यांच्या हंड्यातले पाणी आपण आणखी कशासाठी मागायचे?

ही झाली डब्यातली शिदोरी. डबा उघडण्याचीही एक रीत आहे, आणि ती मला वन्संनी शिकवली. त्या म्हणाल्या, ‘वहिनी, गावात डबा उघडायचा असेल तर भोवती असतील त्या सगळ्यांना बसवून उघडा. तेवढे नसेल तर गावाबाहेर जाऊन खा. पण पोरे बघत उभी आहेत आणि आपण खातो आहोत, असे कधी करू नका.’ मी म्हटले, ‘मग थोडी बिस्किटे वाटली तर?’ त्यावर त्या चटकन म्हणाल्या, ‘नको. गाडी दिसली की पोरे हात पसरून धावतात, ती सवय आपल्यासारख्यांनीच लावली. द्यायचेच असेल तर अंगणवाडीत जाऊन विचारा, काय हवे ते त्या सांगतील. नाही तर नागली, वरई विकत घ्या, रोख भावाने, घासाघीस न करता. त्याने घरात पैसा येतो आणि मान राहतो.’

त्यांचे शब्द मी गाठीला बांधले. काला हा शब्द आपण गोकुळाष्टमीला उच्चारतो. सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सगळ्यांनी खायच्या, हा त्याचा अर्थ. दहीहंडीच्या गोंगाटात तो हरवला असला तरी झाडाखाली बसल्यावर अजून सापडतो.

२०१० च्या दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सासूबाईही बरोबर होत्या. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी चाळीस दशम्या केल्या. धाकट्याने पंखा धरून त्या निववल्या, कारण मसालेभाताची आठवण त्याच्याइतकी कुणालाच नव्हती! दाभोसाचा धबधबा पाहिला, जव्हारच्या मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहिला, आणि शिरपामाळावरही गेलो. १६६४ साली सुरतेच्या वाटेवर असताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते आणि जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, असे तिकडे सांगतात. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्या फौजेची शिदोरी कोणी बांधली असेल गं?’ इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न मला कधी भेटला नव्हता.

मग वांगणीला गेलो. म्हातारी घरीच होती. तिने मला ओळखले. भात ओतणारी बाई म्हणून ओळखले असणार, दुसरे कारण नव्हते. मी तिच्या ओट्यावर डबा ठेवला आणि या वेळी उघडण्याआधी तिला, तिच्या सुनेला आणि नातवंडांना बसवले. सासूबाईंनी स्वतः वाढले. म्हातारीने दशमीचा तुकडा मोडला, चावून पाहिला आणि सासूबाईंना विचारले, किती दिवस टिकते? सासूबाई म्हणाल्या, ‘दोन.’ म्हातारीने मान हलवली. तिची भाकरी तीन दिवस राहते, ती म्हणाली. त्यावर त्या दोघी जे बोलत बसल्या ते गाडीची वेळ झाली तरी संपेना. निघताना मी तिच्याकडून पाच किलो नागली विकत घेतली. या वेळी तिने पैसे घेतले. मात्र वर एक ओंजळ नागली जास्त घातली.

ती म्हातारी आता नाही, आणि सासूबाईही नाहीत. पण दिवाळी झाली की आमच्या घरी नागली येते. यंदाही आली आहे. तुमच्या घरी सहलीचा बेत ठरला असेल तर आदल्या रात्री मसालेभाताचे पातेले खाली ठेवा आणि दुधात कणीक भिजवा. चार दशम्या मात्र जास्त करा. वाटेत कोण भेटेल, सांगता येत नाही.